पाण्याच्या वाटेने नगर

नगर हे शहर होण्याआधी बाग होतं. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी सरदार जहांगीरखानाचा पराभव केला आणि जिथे जिंकला तिथेच त्याने वाडा बांधून बाग लावली. बाग निजाम हे तिचं नाव. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, या बागेच्या शेजारी, सीना नदीच्या काठाला शहराची आखणी झाली. बागेभोवती आधी मातीचा कोट आला, पुढे १५५९ पासून हुसेन निजामशहाने तोच कोट दगडात बांधून काढला, आणि आज आपण ज्याला नगरचा भुईकोट म्हणतो तो उभा राहिला. म्हणजे तटबंदी नंतरची, खंदक नंतरचा, तोफाही नंतरच्या. आधी झाडं आणि झाडांना पाणी.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण नगरला पाणी कधीच आयतं मिळालेलं नाही. सह्याद्रीच्या पाऊसछायेतलं हे पठार. वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मन मानेल तसा. सीना इथेच जवळपास उगम पावते, त्यामुळे शहरापाशी ती अजून मोठी झालेलीच नसते. पावसाळा सरला की वाळू आणि बाभळी. अशा जागी कोणी बाग लावून शहराला सुरुवात करतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पाण्याचा हिशोब आधीपासून पक्का असला पाहिजे.

नगरला येणारा पाहुणा बहुतेक वेळा शिर्डीच्या किंवा शिंगणापूरच्या वाटेवर असतो. माळीवाड्याला उतरून विशाल गणपतीचं दर्शन घेतो, चहा पितो आणि विचारतो, “बाकी तुमच्या नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे?” आपण किल्ला सांगतो, चांदबिबीचा महाल सांगतो, रणगाड्यांचं संग्रहालय सांगतो. पाहुणा तासाभरात सगळं पाहून येतो आणि म्हणतो, छान आहे, पण पडझड फार झालीय. त्याचं चुकत नाही. त्याने दगड पाहिले. ज्यासाठी ते दगड रचले होते ते तिथे आता नाही. नगर बघायचं असेल तर पाण्याच्या मागे मागे चालत बघावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

इटलीत रोमच्या उत्तरेला व्हितेर्बो नावाचं जुनं गाव आहे. मध्ययुगात पोप तिथे राहत, त्यांचा वाडा अजून आहे. गावाबाहेर माळावर गंधकाच्या गरम पाण्याचे झरे जमिनीतून उकळत वर येतात. त्यातल्या बुलिकामे या झऱ्याचा उल्लेख दान्तेने आपल्या काव्यात केला आहे. रोमन लोक तिथे आंघोळीला जात, पोप जात, आजही लोक जातात. अशा गावांचं नशीब थोर. पाणी स्वतःहून, तापून, औषधी होऊन वर येतं. माणसाने फक्त दगडी कुंड बांधायचं. आपल्याकडे कोकणाला हे भाग्य लाभलंय. पालघर-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच्या ओळ आहे: वज्रेश्वरीजवळची अकलोलीची कुंडं, पालीजवळचं उन्हेरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे. पावसाचं पाणी खडकाच्या खोल भेगांतून आत उतरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. लहानपणी आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा आजी कुंडाच्या पायरीवर बसून गुडघे शेकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जो आराम होता तो मी नंतर कुठल्याच दवाखान्यात पाहिला नाही. चिमाजी अप्पांनी वसई घेण्याआधी याच देवीला नवस केला होता, हेही तिनेच तिथे बसल्या बसल्या सांगितलं.

नगरच्या भुईत असं काही नाही. इथला काळा पाषाण थरांवर थर घालून पसरलेला, आणि पाणी जे काही मुरतं ते डोंगराच्या पायथ्याशी मुरमात अडकून बसतं. निजामशाहीतल्या कारागिरांनी नेमकं तेच पाणी हेरलं. शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला डोंगरांची रांग आहे. त्यांच्या पायथ्याला, कापूरवाडी, शेंडी, वडगाव, शहापूर, भिंगार या बाजूंना त्यांनी विहिरी खणल्या, विहिरींना बोगदे जोडले आणि तिथून जमिनीखालून नळ काढून शहरात आणले. असे एक-दोन नव्हे, अनेक नळ होते. नगरकर त्यांना खापरी नळ म्हणतात.

पडक्या नळातला खापरीचा एक तुकडा मी बराच वेळ हातात धरून पाहिला आहे. भाजलेल्या मातीचा, बोटभर जाडीचा. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, म्हणजे एकाचं निमुळतं तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवायचं आणि सांधा चुन्याने लिंपायचा. बाहेरून पुन्हा चुना आणि दगडगोटे. पण पाहण्यासारखी होती ती आतली बाजू. तिथे पांढरट, टणक साका धरला होता, पातळ थर एकावर एक. नगरच्या पाण्यात क्षार भरपूर. आमच्या घरच्या तपेल्यांना असतो तोच साका. कितीतरी वर्षं पाणी या खापरीतून वाहिलं आणि जाता जाता आपली नोंद ठेवून गेलं. कागदोपत्री निजामशाही १६३६ मध्ये संपली. नळ तिच्या नंतरही पुष्कळ काळ वाहत होते.

या नळांना पंप नव्हता. सगळा कारभार उतारावर. उतार जास्त झाला तर खापरी फुटते, कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून मध्ये मध्ये दगडी मनोरे बांधले. पाणी मनोऱ्यात चढतं, नळात कोंडलेली हवा तिथे सुटते, दाब कमी होतो, गाळ तळाला बसतो आणि पाणी पुढे निघतं. त्यांना उच्छ्वास म्हणत. शहराच्या कडेला असे काही मनोरे अजून उभे आहेत. त्यांच्यावर पिंपळ उगवलेत, बुंध्याशी कचरा पडलेला असतो, आणि जाणारा-येणारा त्यांना पडक्या भिंतीचा तुकडा समजतो. माझ्या मते नगरमधल्या सगळ्यात हुशार वास्तू त्याच आहेत.

नळांचं पाणी लोकांच्या हौदांत यायचं, मशिदींत यायचं, किल्ल्यात यायचं. पण त्याचा खरा थाट होता बागांमध्ये. सावेडीकडची भिस्तबाग त्यातली जुनी. आठ कोनांचा महाल, त्याच्याभोवती तळं, तळ्याभोवती बाग. १५०६ च्या सुमाराची ही रचना. हश्त बिहिश्त हे तिचं दरबारी नाव, भिस्तबाग हे लोकांनी केलेलं. शेंडी आणि वडगावकडून पाणी येत होतं. आज भिस्तबाग हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. चौक आहे, दुकानं आहेत, शिकवण्यांचे क्लास आहेत, बिल्डिंगांच्या रांगा आहेत. जवळच पाइपलाइन रोड आहे. एकाच उपनगराला पाण्याच्या दोन काळांची नावं मिळाली आहेत. आता शहराला पाणी येतं ते मुळा धरणातून, पंपाने चढवून, आणि नळाला पाणी कधी येणार हा घराघरातल्या बायकांच्या दिवसाचा आजही पहिला प्रश्न असतो. टाकी भरून घेण्यासाठी पहाटे उठणाऱ्या बाईला भिस्तबागेचं तळं कसं दिसत असेल, हा विचार त्या चौकातून जाताना माझ्या मनात येतोच.

आणि मग फराहबाग.

शहराच्या आग्नेयेला, लष्करी हद्दीच्या बाजूला, मोकळ्या माळावर हा महाल एकटा उभा आहे. लांबून पाहिलं तर चौकोनी, कोपरे कापलेला, चारही बाजूंना उंचच उंच कमानी असलेला, दोन मजली. जवळ गेलं की कळतं की आपण ज्या खोलगट जमिनीतून चालतोय ती जमीन म्हणजे तळ्याचा तळ आहे. महाल चौफेर पाण्यात होता. आपण आज जिथून जोत्याकडे मान वर करून बघतो तिथे डोक्यावर पाणी असायचं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी आपोआप तळ्याच्या काठावर गेले आणि तिथून पुन्हा पाहिलं. महाल एकदम बुटका, प्रमाणबद्ध आणि हलका दिसायला लागला. तो काठावरूनच बघायला बांधलेला आहे. अर्धा दगडात आणि अर्धा पाण्यातल्या प्रतिबिंबात.

आत मध्यभागी दोन मजले उंचीचा दिवाणखाना आहे. चुन्याचा गिलावा जागोजाग उडालाय, पण जिथे टिकलाय तिथे तळहात फिरवावासा वाटतो इतका गुळगुळीत. भिंतींत लाकडी तुळयांच्या खाचा रिकाम्या आहेत. लाकूड कुजलं, कुणी काढून नेलं, खाचा राहिल्या. चारी दिशांच्या कमानींतून वारा आत येतो. वैशाखातल्या दुपारी मी तिथे बसलेय. बाहेर माळ भाजत असतो आणि आत, पाणी नसतानाही, अंगावरचा घाम सुकतो. भोवती तळं भरलेलं असेल तेव्हा तोच वारा पाण्यावरून येताना किती गार होत असेल याचा अंदाज बांधता येतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, जाड भिंती दिवसाचं ऊन आत येऊ देत नाहीत, उंच छताखाली गरम हवा वर जमते. आपल्या माठातही हेच होतं. फराहबाग म्हणजे माणसाला बसता येईल असा माठ.

तो बांधून पुरा झाला १५८३ मध्ये, मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत. आधी नियामतखानाने बांधला, तो पाडला गेला आणि सलाबतखानाने पुन्हा उभा केला. दरबारातली ईर्ष्या वास्तूवर निघाली, हे वाचून वाईट वाटतं, पण दुसऱ्या खेपेला जे उभं राहिलं ते इतकं देखणं आहे की त्या भांडणाला क्षमा करावी. पुष्कर सोहोनी यांनी निजामशाहीच्या वास्तुकलेवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक २०१८ मध्ये आलं. दख्खनच्या सगळ्या शाह्यांत नगरकडे अभ्यासकांचं लक्ष फार कमी गेलं होतं. विजापूरला गोलघुमट आहे, गोवळकोंड्याला हिरे आहेत. नगरच्या वाट्याला आलं ते पाणी, आणि आटल्यावर ते कुणाला दाखवता येत नाही.

इथे मला पुन्हा व्हितेर्बो आठवतं. त्या गावाजवळच बान्याया नावाचं खेडं आहे, आणि तिथे विला लान्ते नावाची जलबाग. गाम्बारा नावाच्या कार्डिनलने ती १५६८ च्या सुमारास करायला घेतली. डोंगरातून आणलेलं पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली खेळवलेलं, मध्ये एक लांबलचक दगडी मेज, त्याच्या मधोमध पाण्याचा पाट, पाहुण्यांनी त्यात पेयं गार करायची. १५८१ मध्ये मोंतेन हा फ्रेंच निबंधकार मुतखड्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून गरम पाण्याच्या गावांतून फिरत होता. तो या बागेत आला आणि तिच्या पाण्याच्या करामतीवर खूश होऊन गेला. त्याच सुमाराला इथे माळावर फराहबागेचं काम चालू होतं. त्या दोन कारागिरांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण दोघांनाही एकच गोष्ट सुचली होती: पाणी लांबून आणायचं, दगडातून खेळवायचं, आणि तहान भागल्यावर जे उरेल त्यातून डोळ्यांना आणि अंगाला सुख द्यायचं. विला लान्तेचं पाणी अजून वाहतं. तिथला माणूस तिकीट काढून त्या मेजापाशी उभा राहतो आणि त्याला काहीही कल्पना करावी लागत नाही.

मुर्तजाला लोक दिवाणा म्हणत. तो वर्षानुवर्षं दरबारात आलाच नाही. बागेतल्या महालात एकांतात राहायचा, फत्तेशाह नाव दिलेल्या एका दिल्लीच्या गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसायचा. राज्य सलाबतखान चालवत होता आणि चांगलं चालवत होता. मुर्तजाला वेडा ठरवणं सोपं आहे. मला तो भ्यालेला माणूस वाटतो. चारी बाजूंनी पाणी असलेल्या महालात जाऊन बसणाऱ्याला फक्त गारवा हवा असतो असं नाही, त्याला आपल्या आणि लोकांच्या मध्ये काहीतरी हवं असतं.

त्याची भीती खरी ठरली, आणि पाण्यानेच ठरली. मुलगा मीरान हुसेन आपल्या जिवावर उठेल या संशयाने बापाने मुलाचं अंथरूण पेटवून दिलं होतं. मुलगा वाचला. १५८८ मध्ये तो सैन्य घेऊन राजवाड्यात शिरला. बाप आजारी होता. मुलाने त्याला हमामखान्यात नेलं, दारं-खिडक्या घट्ट बंद करवल्या आणि हौदाखालची भट्टी पेटवली. वाफेने आणि उष्णतेने कोंडून मुर्तजा मेला. हे आपल्याला सांगणारा माणूस तिथे हजर होता. इतिहासकार फरिश्ता तेव्हा तरुण होता, राजाच्या पहाऱ्यावर होता, आणि त्याचा जीव वाचला तो केवळ राजपुत्राबरोबर लहानपणी एकत्र शिकला होता म्हणून. पुढे तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला ग्रंथ लिहिला. नगर हे बगदाद आणि कैरोच्या तोडीचं झालं असं कौतुक करणाराही तोच.

फराहबागेच्या दिवाणखान्यात बसलं की ही गोष्ट मनातून जात नाही. गार पाण्याचा सगळ्यात सुंदर महाल ज्याच्यासाठी बांधला तो माणूस गरम पाण्याच्या खोलीत गुदमरून गेला. मुलगाही पुढे वर्षभर टिकला नाही.

सलाबतखानाला आधीच कैदेत टाकलं होतं. तो १५८९ मध्ये वारला. पाथर्डी रस्त्याने निघालं की शहा डोंगरावर त्याची कबर दिसते, तीन मजली, अष्टकोनी, चहूबाजूंनी कमानी. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबी मुर्तजाची बहीण, १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यातून किल्ला राखणारी, आणि तिचं नाव या डोंगराला चिकटलं ते लोकांच्या प्रेमाने. मी त्यावर वाद घालत नाही. पण ज्याने शहराच्या पाण्याची आणि बागांची काळजी घेतली त्या कारभाऱ्याला निदान त्याच्या कबरीवर तरी त्याचं नाव मिळावं, असं वाटतं. वर वारा असा असतो की पदर सांभाळावा लागतो. इथून शहराकडे पाहिलं की नळ कुठून कुठे गेले असतील याचा उतार डोळ्याला दिसतो. नकाशाची गरज पडत नाही.

शहरातली बाकीची ठिकाणं मी भराभर दाखवते. १५६७ ची दमडी मशीद मात्र थांबून पाहावी, लहानशी पण दगडावरची नक्षी बघत राहावी अशी. मजुरांनी एकेक दमडी देऊन ती उभी केली असं सांगतात. किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद आणि इतर नेते ऑगस्ट १९४२ पासून कैदेत होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं. ते तिथल्या खडकाळ जमिनीत खणून फुलझाडं लावत होते हे मात्र कमी लोकांच्या लक्षात असतं. बाग निजामच्या जागेवर साडेचारशे वर्षांनी एक कैदी पुन्हा बाग करत होता.

नगरच्या उत्तरेला वांबोरीच्या दिशेने डोंगरगण आहे. दरीत महादेवाचं मंदिर, गर्द झाडी, कड्यातून झिरपणारं पाणी. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी श्रद्धा आहे, आणि पाण्याच्या एका जागेला सीतेची न्हाणी म्हणतात. जवळच मांजरसुंब्याचा डोंगरी किल्ला, त्याच्यावर निजामशाही वाड्याचे आणि हौदांचे अवशेष. मी गेले तेव्हा उन्हाळा होता. न्हाणीपाशी एक म्हातारी बाई हंड्यात वाटीवाटीने पाणी भरत होती.

“पाणी कमी झालंय का हो मावशी?”

“कमी कुठं, झिरपाया लागलंय की. या दिवसांत एवढंच असतं. श्रावणात या ताई, मंग बघा. पोरं उड्या मारतेत.”

“आंघोळ करतात लोक इथे?”

“करतेत ना. पण आधी पाया पडायचं, मंग पाय घालायचा. सीतामाईची हाय ती.”

मला त्या दोन वाक्यांत फराहबागेचा आणि व्हितेर्बोचा सगळा इतिहास मावलेला दिसला. स्नानाची जागा कुणाच्या तरी मालकीची असते, राजाची, पोपची, देवीची, आणि तरी पाय सगळ्यांचेच भिजतात. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत तर शिवलिंगच कमरेएवढ्या पाण्यात आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत. भर मे महिन्यात त्या पाण्यात उतरलं की पायाच्या पोटऱ्या दुखायला लागतात इतकं ते थंड असतं, आणि तरी माणसं हात धरून प्रदक्षिणा घालतात. कोकणातल्या कुंडांत माणूस दुखणं घेऊन जातो. इथे तो कसलंही दुखणं नसताना जातो आणि कुडकुडत, हसत बाहेर येतो.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. चौंडी हे अहिल्याबाईंचं जन्मगाव याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा बांधल्या, वाटसरूंना पाणी दिलं. बागेपासून सुरू झालेल्या गावाला घाट बांधणाऱ्या बाईचं नाव मिळालं, हे मला योग्य वाटतं. मात्र ते नाव पाटीवरून खाली पाण्यापर्यंत उतरलं पाहिजे.

कारण पाणी जपलं की काय होतं त्याचा दाखला इथेच आहे. नगरहून वीसेक किलोमीटरवर भातोडीचा तलाव. तोही मूळचा सलाबतखानाचा. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन नगरवर चालून आल्या तेव्हा मलिक अंबरने या तलावाचा बांध फोडला. शत्रूची छावणी चिखलात रुतली, तोफा हलेनात, आणि संख्येने कमी असलेल्या निजामशाही फौजेने लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मालोजीराजांनी दोन्ही मुलांची नावं ठेवली होती अशी आख्यायिका आहे, आणि त्यातल्या एकाची समाधी याच भातोडीला झाली. बांध पुढे इंग्रजांच्या काळात दुरुस्त झाला. आजही पाऊसकाळ बरा झाला की तलाव भरतो, पाटाला पाणी सुटतं आणि खालच्या रानात कांदा, ज्वारी उभी राहते. चारशेहून अधिक वर्षं जुनी ही वास्तू अजून कामावर आहे. तिला कुणी स्मारक म्हणत नाही आणि तिच्यापाशी तिकीटही नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि मी ती भेटेल त्याच्याकडे करते. उरलेल्या उच्छ्वासांची आणि खापरी नळांची एकदा नीट मोजदाद व्हावी, प्रत्येक मनोऱ्यापाशी साधी मराठी पाटी लागावी, आणि एखाद्या पावसाळ्यात फराहबागेच्या तळ्यात पाणी सोडून पाहावं. पाया किती पेलेल, गाळ किती काढावा लागेल, गळती कुठे होईल, हे पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी ठरवावं. पूर्ण भरायलाच हवं असं नाही. जोत्याच्या पहिल्या थरापर्यंत, घोटाभर आलं तरी चालेल. टँकरचं पाणी नको, पिण्याचं तर नकोच. माळावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवून तळ्याकडे वळवता आलं तरी भागेल. त्या पंधरवड्यात नगरच्या शाळांनी सहली लोणावळ्याला न नेता इथे आणाव्यात, आणि मुलांना महालाच्या आत नेण्याआधी तळ्याच्या काठावर उभं करावं.